सातवी मागणी

सातपूरच्या आमच्या कंपनीत युनियनच्या बैठकांची नोंद मी ठेवतो. वहीत पुढच्या पानांवर ठराव लिहिले, मागच्या पानांवर किस्से आपोआप साठत गेले. शिक्षण दहावी. युनियनचे शब्द मला कळले ते या मागच्या पानांवर.

*

मागणीपत्रात अध्यक्ष खैरनारअण्णांनी एकवीस मागण्या लिहिल्या. कँटीनचा पंखासुद्धा! मी विचारलं, "अण्णा, एवढ्या मिळतील?"

"अरे, काही सोडायला नकोत का? रिकाम्या हाताने वाटाघाट होत नसते."

"मग न सोडायची कुठली?"

"सातवी."

सातवी म्हणजे पॅकिंगच्या कंत्राटी कामगारांना कायम करणे. सुरगाण्याचा हिरामण त्यातलाच. दहा वर्षं तेच काम, दर वर्षी नवं कार्ड. मी सातवीखाली रेघ मारली.

*

मग आम्ही 'नियमानुसार काम' सुरू केलं. उत्पादन निम्म्यावर! मॅनेजर धावत आले. "काम कोणी बंद केलंय?"

"कोणी नाही, साहेब. भिंतीवर तुम्हीच लावलेले नियम पाळतोय!"

हिरामण मात्र रोजच्याच वेगाने खोकी भरत होता. लेथवरचे नाठेमामा टोमणा मारून गेले, "काय रे, कंपनीचा जावई का तू?"

तो हात न थांबवता म्हणाला, "तुमाला कोन काढील, मामा? माझं कार्ड उद्या गेटवर चालनार नाय."

नाठेमामा आपल्या मशीनवर गेले.

*

समेटाची बैठक म्हणजे भांडण मिटवणारा न्यायाधीश येणार, अशी माझी समजूत. सरकारी कामगार अधिकारी हसले. "मी निकाल देत नाही हो. दोघांना बोलतं करतो."

दोघं बोलले. कंपनी म्हणाली, "सातवी सोडा, पगारवाढ पूर्ण घ्या."

अण्णा बाहेर आले ते थेट पार्किंगकडे गेले. नोंदीत काय लिहू, मी विचारलं. म्हणाले, "कराराचा मसुदा करायला घे."

*

सहीआधी मसुदा गेटवर मोठ्याने वाचायचा आणि मंजूर असेल तर सभासदांनी हात वर करायचे, ही आमची रीत. कंत्राटी कामगारांना मत नाही. ते कडेला उभे राहतात. त्या दिवशी माइकचा स्टँड मोडला होता. अण्णांनी जवळ दिसला त्याला बोलावलं. तो हिरामण होता. त्याने माइक माझ्या तोंडाशी धरला.

मी एकेक मागणी वाचत गेलो. सहावी वाचली. मग आठवी.

हिरामण हळूच म्हणाला, "भाऊ, एक राह्यली."

माइक चालू होता.

अण्णांनी खाली बघतच हात वर करायला सांगितलं. पहिल्या रांगेत नाठेमामांनी दोन्ही हात खिशात घातले. मग त्यांच्या शेजाऱ्याने. मग मागच्या रांगेने.