माझ्याच अंगावर येणारी भिंत

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे मी संतापणार आहे, मग तुम्हाला हसायला अवघड जाईल. संताप नक्की कुणावर, ते शेवटी ठरवू.

मी चौतीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो. पीएच.डी. आहे. गॅस बंद केला का हे पाहायला जिन्यावरून तीनदा परत येतो, तो भाग वेगळा. ठाकुर्लीजवळ एका चर्चची संस्था गरजूंना परवडणारी घरं बांधून देते, तिथे राबायला माणसं हवी होती. "मी तुमच्या धर्माचा नाही," मी आधीच सांगून टाकलं. फादर रेमंड म्हणाले, "विटासुद्धा नाहीत, सर. या तुम्ही."

गेलो. आणि मला काम काय दिलं? भिंतींवर पाणी मारायचं! सबंध प्रबंध लिहिलेल्या माणसाच्या हातात पाइप!

घर होतं बर्नडेटचं. ती वागळे इस्टेटमध्ये पॅकिंगच्या कामाला जाते, पदरी दोन मुली. ज्याला घर मिळणार त्यानेही बांधकामावर राबायचं, असा तिथला नियम, म्हणून ती सुट्टी टाकून विटा उचलत होती. रविवारी फादर घराला आशीर्वाद देणार आणि त्याच दिवशी तिने भाड्याची खोली सोडायची. मालकाने नवा भाडेकरू ठरवूनही टाकला होता. म्हणजे रविवार हुकला की मुलींसकट रस्त्यावर.

मंगळवारी स्वयंपाकघराची आडभिंत पुरी झाली. मला ती कललेली वाटली. मला बऱ्याच गोष्टी कललेल्या वाटतात, म्हणून मी स्वतःवर विश्वास ठेवत नाही, उपकरणावर ठेवतो. मुलीने पाठवलेल्या नव्या फोनमध्ये कल मोजायची सोय आहे. फोनची पाठ भिंतीला टेकवली. दोन अंश! भिंत चक्क माझ्या अंगावर येत होती!

"दामूमामा, ही भिंत कलली आहे!"

दामूमामा म्हणजे तिथले गवंडी, शेजारच्याच गावचे. त्यांनी शांतपणे दोरीला वजन बांधलेला ओळंबा भिंतीलगत सोडला. "बगा सर. सरल हाय."

"तो वाऱ्याने हलतोय."

"वारा कुठं हाय?"

आता बोला! जन्मभर गुरुत्वाकर्षण शिकवलं मी, आणि हा गृहस्थ मला दोरी दाखवतो!

"फादर, उद्या ही त्या मुलींच्या अंगावर पडली तर?" माझा आवाज चांगलाच चढला होता. फादरांनी एकदा दामूमामांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि दुर्दैवाने माझं शिक्षण विचारात घेतलं. "पाडू या," ते म्हणाले.

पहिला घाव बर्नडेटने घातला. सिमेंट अजून ओलं होतं, विटा पटापट सुटून आल्या. "सर, रविवारपर्यंत होईल ना?" एवढंच तिने विचारलं.

"सुरक्षितता आधी!" मी म्हणालो. काय तो माझा रुबाब!

नौपाड्यात घरी आलो आणि सहज म्हणून हॉलच्या भिंतीला फोन लावला. दोन अंश, माझ्या अंगावर! समोरच्या भिंतीला लावला. तीही माझ्याच अंगावर! बेडरूम, न्हाणीघर, फ्रिज, सगळं माझ्या अंगावर!

"अहो, फ्रिज कधी कलला?" सुमतीने, म्हणजे माझ्या बायकोने विचारलं.

"बिल्डिंगबरोबर!"

तिथल्या तिथे सोसायटीच्या सेक्रेटरींना पत्र लिहिलं. 'आपली इमारत सर्व बाजूंनी आत कलली आहे. ती रिकामी करण्याचा तातडीने विचार व्हावा.' सर्व बाजूंनी आत! हे वाक्य मी दोनदा वाचून, खाली पीएच.डी.सकट सही करून दिलं. तुम्हाला शंका आली असती ना? मला नाही आली.

गुरुवारी भिंत पुन्हा उभी राहिली. मी फोन लावला. दोन अंश!

"पुन्हा तेच! हे काम आहे की चेष्टा?" मी कडाडलो. बर्नडेटने पुन्हा हातोडा उचलला.

दामूमामांनी हात झटकले. "सर, कुनाच्या अंगावर येते?"

"माझ्या!"

"बरं. आता दारातून पलीकडं जा नि तिकडून लावा."

गेलो. लावला.

"आता कुनाच्या?"

"मा… माझ्याच."

"भिंत एक हाय ना सर? मंग दोन्हीकडून तुमच्याच अंगावर कशी येल?"

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बर्नडेटने हातोडा खाली ठेवला, माझ्या हातातून फोन घेतला, उलटा केला आणि पाठीवरच्या कॅमेऱ्याच्या फुगवट्यावरून बोट फिरवलं. "सर, फोनच कलतोय. हे टेकतंय."

हे टेकतंय! अहो, 'उपकरणातील त्रुटी' हा धडा मी चौतीस वर्षं शिकवलाय. त्यावर मुलं नापास केलीत! आणि ते फोनवाले? चांगल्या सपाट वस्तूच्या पाठीवर गळू काढायला त्यांना सांगितलं कुणी? दामूमामांनी तरी दुसऱ्या बाजूला जायला मला मंगळवारीच का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का, हा प्रश्न कृपया विचारू नका.

पुढचे दोन दिवस निमूट पाणी मारलं. गिलावा राहिला, पण रविवारी फादरांनी आशीर्वाद दिला आणि मुलींनी आपापल्या बॅगा आत नेल्या. मी दारात अंग चोरून उभा होतो. सुमती सोबत होती, आणि तिने मला न विचारता सोसायटीच्या पत्राची हकिकत सगळ्यांना सांगून टाकली. त्याच संध्याकाळी त्या पत्रावर खास सभा होती, वक्ता मी!

बर्नडेट चहाचा कप घेऊन माझ्यापाशी आली. चेहरा अगदी गंभीर.

"सर, टेन्शन नका घेऊ. बिल्डिंग रिकामी करायला लागलीच, तर मॅडमना घेऊन इकडे राहायला या. आमची भिंत एकदम पक्की आहे. दोनदा बांधलीये."