एक डी काढला आणि दात पडला

मंडळी, आज मी माती खाल्ली. ऑफिसातल्या एका फाईलच्या नावातला डी काढला.

आमच्याकडे एकाच लायब्ररीच्या, म्हणजे प्रोग्रामला जोडायच्या तयार तुकड्याच्या, दोन फाईली असतात. नावाच्या शेवटी डी असेल ती टेस्टिंगची, नसेल ती गिऱ्हाईकाची. बिल्ड करताना, म्हणजे सगळे तुकडे जोडून प्रोग्राम बनवताना, मशीन नुसतं नाव बघून उचलतं. टेस्टिंगवालीत माझ्या शेजारी बसणाऱ्या सच्याने गंमत म्हणून वाटेल ते मेसेज टाकलेत. मी तिचाच डी उडवून गिऱ्हाईकाच्या जागी ठेवली. म्हटलं, सच्याची जरा फाटेल.

दुपारी लालबागचे मसालेवाले नाना बिलाचा प्रोग्राम बघायला आले. सच्या दाखवायला बसला. त्यांनी आकडा चुकीचा दाबला. स्क्रीनवर आलं, 'परत चुकलास, येड्या!'

"येडा कोणाला बोलतो रे?" नानांनी सच्याची कॉलर धरली आणि ठेवून दिली. मिरची कुटून कमावलेला हात तो! सच्या खुर्चीसकट आडवा. ओठ फाटला, दात हातात.

मी बर्फ लावत होतो, तर सच्या म्हणतो, "मीच डी लावायला विसरलो असणार रे. गेली माझी नोकरी."

उद्या साहेब त्याला काढायच्या आत मीच जाऊन बोलणार. पण तोवर सच्याला कोणी सांगू नका रे, पाया पडतो. त्याचा दात गेलाय, हात शाबूत आहेत.