मामांची दुर्बीण आणि समोरचा टॉवर

माझ्या बायकोच्या मामांनी आयुष्यात एकही वस्तू पहिल्या फटक्यात विकत घेतलेली नाही. लालबागच्या बाजारात ते पापलेट घ्यायला गेले की कल्ले उघडून बघतात, पोट दाबून बघतात, वास घेतात, मग बाजाराला एक फेरी मारून पुन्हा त्याच पापलेटाकडे येतात. एकदा कोळीण वैतागून म्हणाली, "ओ काका, पापलेट घ्यायचाय की पोरासाठी पोरगी बघताय?" तिला माहीत नव्हतं, पण मुलगी बघायलाही मामांची हीच रीत होती. कणकवलीजवळच्या एका गावात ते मामींना बघायला तीनदा गेले होते. तिसऱ्या खेपेला मामींच्या वडिलांनी पोह्यांऐवजी सरळ जेवणाचंच ताट वाढलं, तेव्हा कुठे मामांच्या तोंडून होकार निघाला. घरातला पंखा घेताना ते दुकानात त्याच्याखाली शिंका येईपर्यंत बसले होते. असा माणूस उतारवयात दुर्बीण घ्यायला निघाला, आणि सल्लागार म्हणून त्याने मला सोबत धरलं. माझी लायकी एवढीच, की माझ्या फोनचा कॅमेरा चांगला होता.

झालं असं, की मामांची लालबागची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला आणि मामा-मामी सतराव्या मजल्यावर राहायला गेले. मामींचे गुडघे तोवर कामातून गेले होते, त्यामुळे खाली उतरणं म्हणजे सणासुदीलाच. सकाळभर त्या हॉलच्या खिडकीशी बसायच्या. दोन इमारतींच्या मधल्या फटीतून तिथून शिवडीच्या खाडीचा एक तुकडा दिसे. एका हिवाळ्यात त्यांनी मामांना हाक मारली, "अहो, खाडयेत कोणी गुलाबी लुगडां सुकत घातल्यान?" मामांनी शेजाऱ्याकडची जुनी दुर्बीण मागून आणली. लुगडं नव्हतं, फ्लेमिंगो होते. पण त्या दुर्बिणीतून ते बडीशेपेतल्या गुलाबी गोळ्यांएवढेच दिसत होते. मामी म्हणाल्या, "गोळये बघून काय करू? माका त्यांचा तोंड बघूक व्हया." मामींनी संसारात फारसं काही मागितलेलं नाही. मामांनी तिथल्या तिथे ठरवलं, की लांबचं बघायची ती मोठी, एका नळीची दुर्बीण घ्यायची. आणि नेमके त्याच आठवड्यात, त्या फटीच्या बरोब्बर समोरच्या प्लॉटवर पत्रे ठोकले गेले. तिथेही टॉवर येणार होता.

दुसरा कोणीही असता तर धावत सुटला असता. मामा दोन हिवाळे निवडत बसले. फोर्टातल्या दुकानात शिरताच त्यांनी आपली खर्चाची मर्यादा सांगून टाकली, आणि ती ऐकून मालकाने पाणी आणायला पाठवलेल्या माणसाला परत बोलावलं. तरी मामा खचले नाहीत. प्रत्येक दुर्बीण फुटपाथवर आणवून लांबच्या गच्चीवरच्या टाकीवरचं नाव वाचून बघायची, हे त्यांचं कल्ले उघडणं. स्वस्तातल्या एकीचं झूम मालकाने फिरवून फिरवून पार शेवटच्या टोकाला नेलं, तेव्हा मामा म्हणाले, "मोठं झालं खरं, पण काळोख केवढा! चाळीतल्या माळ्यावर डोकावल्यासारखं वाटतंय." मोठ्या भिंगाची दिली तर, "उजेड झकास. पण ही घरी न्यायची म्हणजे चार भोई लागतील." एकदा सगळं जमलं, मालकाने खोकंसुद्धा काढलं, तेव्हा मामांना शंका आली, की डोळा लावायची नळी सरळ असावी की वर वाकलेली? या प्रश्नावर एक अख्खा हिवाळा गेला. मालक हात जोडून म्हणाला, "अंकल, आप आराम से देखो, पर मेरे को भी रिटायर होने का है." मी तर चिडून मामांना 'मुहूर्त' म्हणायला लागलो होतो, अर्थात पाठीमागे. तिकडे समोरचा टॉवर मात्र कोणतीच शंका न काढता वर येत होता. मामी रोज सकाळी चहाबरोबर विचारायच्या, "आज कितवो स्लॅब पडलो?"

अखेर मामांनी वाकड्या नळीची, मध्यम आकाराच्या भिंगाची दुर्बीण घेतली. त्याचं कारण त्यांनी मला घरी आल्यावर सांगितलं. सरळ नळीला माणसाला उभं राहून वाकावं लागतं. वाकड्या नळीला स्टुलावर बसून, मांडीवरच्या पोथीत बघावं तसं खाली बघता येतं. "तिचे गुडघे, जावईबापू," एवढंच ते म्हणाले. मुहूर्ताची थट्टा मी त्या दिवसापासून बंद केली.

एवढा विचार केलेल्या माणसाच्या हातून एकच गोष्ट राहून गेली होती. दुर्बीण उभी करायला तिपाई लागते, आणि सगळी ऐपत दुर्बिणीतच संपली होती. मामा डगमगले नाहीत. त्यांनी माळ्यावरून गणपतीचा चौरंग काढला, तो टेबलावर ठेवला, त्यावर दोन उशा, उशांवर दुर्बीण, आणि वरून मामींच्या जुन्या साडीचा पट्टा आवळला. पण चित्र थरथरायचं. मामांनी पंखा बंद केला, कुकर बंद केला, मला श्वास हळू घ्यायला सांगितलं. मग मोठ्या थाटात हाक मारली, "ये गो, बघ!"

मामी पदर सावरून स्टुलावर बसल्या. डोळा लावला. बराच वेळ बघून म्हणाल्या, "हिरवां-हिरवां कायतरी दिसता."

मामांनी डोळा लावला, मग मी. समोरच्या टॉवरला नवीन मजला चढला होता, आणि आमचा खटाटोप चालू असतानाच त्याची हिरवी जाळी फटीवरून थेट खाली आली होती. खाडी संपली होती. मामी घाईघाईने म्हणाल्या, "जाळी पण बरी दिसता हां, गाठ न् गाठ दिसता." मामांचा चेहरा मला बघवेना.

मग मामांनी काय करावं? चौरंग काखेत मारला, दुर्बीण माझ्या गळ्यात अडकवली, मामींना आधार देत लिफ्टने खाली आणलं आणि रस्त्यावर आलेल्या पहिल्याच टॅक्सीला हात केला. भाडं विचारलं नाही, मागची टॅक्सी बघितली नाही, मीटरकडे वाकून पाहिलं नाही. माझ्या डोळ्यांदेखत या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा समोर आलेली पहिलीच गोष्ट घेतली.

शिवडीच्या जेटीवर ओहोटी लागली होती. बुटक्या कठड्यावर चौरंग, त्यावर दुर्बीण, आणि टपरीवाल्याकडून मागून आणलेल्या स्टुलावर मामी. त्यांनी डोळा लावला आणि एकदम ओरडल्या, "अगे बाये! चोच बघा कशी वाकडी! आणि काडयेसारख्या पायांवर रवतत कशे?" मग त्या स्टुलावरून हलेचनात. मागे चार बघे जमले, त्यांनी थोडी वाट पाहिली आणि निघून गेले. वाऱ्याने चौरंग हलत होता, म्हणून मामा उकिडवे बसून दोन्ही हातांनी तो धरून होते. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, "झालं काय गो? आटप."

मामींनी डोळा न काढता उत्तर दिलं, "तुमी माका तीनदा बघूक इल्लात. मी तेव्हा 'आटपा' म्हटलंय काय?"

मामा हसले आणि चौरंग आणखी घट्ट धरला. ऊन उतरलं, पाणी परत चढू लागलं, थवा उडून लांब गेला. दोन हिवाळे निवडून घेतलेल्या त्या दुर्बिणीतून मामांनी त्या दिवशी एकही पक्षी पाहिला नाही. त्यांचं सगळं लक्ष मामींच्या तोंडाकडे होतं.