घरच्या माणसाचा गज

रायपूरला उतरलो तेव्हा फलाटावर चांगलं ऊन आलं होतं. पिशवी उराशी धरून मी तिथंच उभा राहिलो. सातवीत शाळा सोडलेला मी, कोल्हापूरच्या पलीकडं कधी गेलो नव्हतो. आमच्या कारखान्यात उसाची ट्रॉली ट्रॅक्टरला जोडायच्या पिना बनतात. त्यांचे गज येतात एकट्या भाऊरावांच्या इथल्या मिलमधून, वर्षानुवर्षं. ते मालकांचे नातेवाईक. या हंगामात एक पिन चढाला तुटली. ट्रॉली मागं घरंगळली, बांधाला अडली म्हणून माणूस वाचला. तो माझा थोरला भाऊ.

"बघून ये," मालक म्हणाले, "पण तपासायला आलोय म्हणू नकोस. घरचा माणूस आहे, मनाला लावून घेईल."

भाऊराव स्वतः स्टेशनवर न्यायला आले. पुरानी बस्तीतल्या त्यांच्या घरी काकूंनी फरा (तांदळाच्या पिठाचे वाफवलेले मुटके) वाढला.

"काहून घाबरून राहिला बे पोट्ट्या? खाय," काकू म्हणाल्या. "तुझ्या मालकाच्या लग्नात मीच त वाढून राहिली होती."

परक्या गावात एवढ्या मायेनं कोण वाढतं? डोळे भरून आले. या घरात कुठल्या तोंडानं विचारू?

दुपारी उरल्याला, कारखान्यांच्या वसाहतीत, गेलो. ट्रकांची रांग, जिभेवर धूळ. मिलमध्ये तापलेले गज सरसरत येत होते. मी भिंतीला चिकटून उभा राहिलो. तिथल्या मिस्त्रींना हळूच विचारलं, आमचा माल तपासता कुठं?

"आपका माल? वो तो घर का है, भैया," ते हसले. "बाहर वालों का देखते थे. अब बाहर वाले बचे कहाँ?"

आमच्या मालाचा ट्रक भरला. निघण्याआधी गिऱ्हाइकाच्या माणसानं नारळ फोडायचा, ही इथली रीत. भाऊरावांनी नारळ माझ्या हातात ठेवला.

"काका," मी म्हणालो, "आधी एक गज वाकवून बघू?"

"मालकानं सांगतलं?"

"नाही. पिन तुटून ट्रॉली घरंगळली, तिच्यावर माझा भाऊ होता."

भाऊरावांनी भरलेल्या ट्रककडं एकदा पाहिलं. मग मिस्त्रींना खूण केली. गज शिकंज्यात धरून घण घातला. तो वाकलाच नाही, काडीसारखा तुटला.

"लोखंड साडूच्या भट्टीतून येते," तुकडा हातात फिरवत ते म्हणाले. "त्याले मी कधी विचारलं नाही." मग खाली बसले. "तुमच्याशिवाय मले गिऱ्हाईक नाही रे. हा माल थांबला त मिल थांबते."

आणि आमचा कारखानाही. दोघांनी एकमेकांना इतकं घट्ट धरलेलं, की एक बुडाला तर दुसऱ्याला हात सोडवता येऊ नये.

"ट्रक खाली करा," शेवटी भाऊराव म्हणाले.

काकूंनी तरीही शिदोरी बांधून दिली. न फोडलेला नारळ पिशवीत घेऊन निघालो. वाटभर रेल्वेच्या डब्यांच्या सांध्यांचा खडखडाट ऐकत बसलो. ते लोखंड तरी कुणी वाकवून पाहिलं असेल का?

गावच्या फाट्यावर भाऊ ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन आला होता. चढण्याआधी मी वाकून पिन चाचपली.

"अरे, मीच बसवलीय," भाऊ हसला.

"म्हणूनच बघतोय," मी म्हणालो.