बार्ब्लाने पाडलेली वाट

“दुसऱ्याच्या वाटेवरून चालायचं, तर घरी बसलेलं काय वाईट?” असं बार्ब्ला एकदा म्हणाली होती. डेअरीच्या पायरीवर बसून ती स्कीच्या तळाला मेण घासत होती, आणि हे बोलताना तिने मान वरही केली नव्हती.

आयुष्यभर ती गावच्या डेअरीत चीज करत आली. मी तिच्याच हाताखाली शिकले. पण तिचा जीव होता डोंगरावर लार्च झाडांच्या रानापलीकडे, गावच्या स्की क्लबच्या दगडी घरात. त्याचं पाटीवरचं नाव कुणी घेत नाही, आम्ही वरचं घर म्हणतो. त्याची किल्ली बार्ब्लाच्या गळ्यात असायची. मोठी बर्फवृष्टी थांबली की ती ताज्या बर्फात वाट पाडत एकटी वर जायची, दार मोकळं करायची, चूल पेटवायची. मग तिच्या वाटेने बाकीचे.

ती वाट कधी उभी चढली नाही. उतारावर तिरकी, बर्फ कोसळू शकेल ती बाजू टाळत जायची, आणि मागच्याला धाप लागायच्या आत वळण यायचं. दुसऱ्या दिवशी वारा ती पुसून टाकायचा. बार्ब्लाला त्याचं कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही.

गेल्या पानगळीत तिचा खुब्याचा सांधा बदलला. क्लबच्या कमिटीची बैठक झाली. अध्यक्ष रीश मऊ स्वभावाचा माणूस. टोपी हातात फिरवत म्हणाला, “बार्ब्ला, घर राखणाऱ्याला ताज्या बर्फात एकट्याने वाट पाडता आली पाहिजे. तुलाही पटतं ना? नाहीच जमलं, तर किल्ली याखेनला.”

याखेन म्हणजे तिच्या भावाचा मुलगा. त्याला ती किल्ली हवी होती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

“बर्फ पडू दे,” एवढंच ती म्हणाली.

बर्फ पडला, गुडघाभर, पिठासारखा कोरडा. बार्ब्ला, याखेन आणि मी, आम्ही तिघं निघालो. चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळांना केसाळ पट्टे चिकटवले आणि बार्ब्ला पुढे झाली. रानात आवाज नव्हता. फांदीवरून बर्फ घसरायचा तेवढाच, कुणीतरी श्वास सोडल्यासारखा.

“आत्या, या चालीने वर पोचेपर्यंत ईस्टर येईल,” याखेन मागून ओरडला.

“तुझा बापही असाच बोलायचा. अर्ध्या वाटेत बोलणं बंद व्हायचं.”

“बरं, पण उतरताना पहिला उतार मला दे.”

“वाट पाड, मग माग.”

आमच्याकडे तसंच आहे. ज्याने वाट पाडली, त्याने कोऱ्या बर्फावरून सगळ्यांच्या आधी उतरायचं. दुसरी मजुरी नाही.

रान संपलं आणि ढग खाली आले. उतार कुठला नि आकाश कुठलं, कळेना. बार्ब्ला चार पावलं टाकून थांबू लागली, मग दोन टाकून. प्रत्येक वेळी तिचा हात खुब्यावर जाई. याखेनची थट्टाही थांबली होती; तो किल्लीचाच विचार करत असणार, असं वाटून मला ते आवडलं नाही. उजेड जात होता. असंच चाललं असतं तर आम्हाला परत फिरावं लागलं असतं.

मोठ्या खडकापाशी तिने एक पाऊल वाटेबाहेर टाकलं आणि काठ्यांवर भार देऊन उभी राहिली. थकलेला पुढचा माणूस असाच बाजूला होतो आणि शेवटी जाऊन लागतो. त्यात लाज नाही. पण बार्ब्लाला तसं उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या एका पावलात तिने किल्ली सोडली होती, आणि ते आम्हा तिघांनाही समजलं.

याखेन तिच्याजवळ क्षणभर थांबला, मग पुढे गेला. त्याच्या पायांत ताकद होती. तो सरळ वर चढेल असं मला वाटलं. पण तो तिरका तिरका गेला. घळीच्या अलीकडे, बार्ब्ला जिथे वळते नेमका तिथेच वळला.

मागून बार्ब्लाच्या स्की घासल्याचा आवाज येत होता. मग बार्ब्ला म्हणाली, “काय गं, मागून चालणं इतकं सोपं असतं होय? आणि इतकी वर्षं तुम्ही दमल्याची नाटकं करत होता!”

मला हसू आवरेना. मागे वळून पाहिलं, तर तिच्या पापण्यांवर बर्फ होता आणि ती आमच्या पायांखालच्या त्या दोन रेघांकडे बघत होती. कुणीतरी काही हातात ठेवावं आणि ते कुठे ठेवायचं ते सुचू नये, तशी.

“याखेन, हे वळण कुणी शिकवलं तुला?”

“शिकवतंय कोण? लहानपणापासून तुझ्या पाठीकडे बघत चढलोय, आत्या. दुसरं दिसतच काय होतं?”

घर आलं. छपराखाली टांगलेलं फावडं काढून आम्ही दार मोकळं केलं. चूल पेटली, बार्लीचं सूप उकळू लागलं. तेवढ्यात याखेनचा फोन वाजला. रीश होता. याखेन काही बोलायच्या आत बार्ब्लाने फोन घेतला.

“पोचलो. खडकापर्यंत वाट मी पाडली, पुढे याखेनने.” तिने गळ्यातली किल्ली काढून टेबलावर ठेवली. “नाही जमलं, रीश.”

याखेन किल्लीकडे बघत होता. मग त्याने ती परत तिच्या सुपाच्या वाडग्याशी सरकवली आणि फोन घेतला.

“मी बोलतोय. यापुढे हे घर आम्ही दोघं राखू. वर येताना तिच्याबरोबर मी असेन.” थोडा वेळ ऐकून म्हणाला, “एकट्याने कशाला? मला एकट्याला वाट सापडली असती असं वाटतं का तुला?”

पलीकडे रीश हसल्याचं मलाही ऐकू आलं. बार्ब्लाने किल्ली गळ्यात घातली. सूप अळणी झालंय म्हणाली, आणि दोन वाडगे प्यायली.

सकाळी आभाळ धुतल्यासारखं होतं. दारापासून दरीपर्यंत उतार कोरा पडला होता. आम्ही बूट चढवले. याखेनचे बंद लागेचनात. लावायचा, सोडायचा, पुन्हा लावायचा. बूट नवे होते, बंद उत्तम होते. बार्ब्ला त्याच्या वाकलेल्या मानेकडे बघत उभी राहिली. जाता जाता तिने त्याच्या केसांतून हात फिरवला, जरा जोरातच, आणि दार उघडून सगळ्यांच्या आधी कोऱ्या उताराकडे निघाली.