जाईबाईचा गेरू

पाटसजवळच्या त्या वस्तीवर कुणाच्या पोराचा गाल सुजला, की आधी जाईबाईकडे न्यायचं, दवाखाना मागाहून, असं ठरूनच गेलेलं. जाईबाई सहाणेवर गेरू उगाळायची, गालावर जाड लेप द्यायची आणि दटावायची, "लेप आपसूक गळंस्तोवर धुवायचा न्हाई. पोराला वाऱ्यात न्यायचं न्हाई." सासूकडून आलेली विद्या. पैसा घ्यायची नाही, मानाची मात्र भुकेली. गालगुंड काय, आठवड्याभरात आपलं आपणच जातं. श्रेय गेरूला मिळायचं. बाईचा तोरा असा, की गावातल्या डॉक्टरला ती नुसतं 'सुईवाला' म्हणायची.

कारखान्याचा हंगाम जोरात असताना सुषमा आपल्या मल्हारला घेऊन आली. पोर सहा वर्षांचं. उजवा गाल टरारलेला, अंग तापलेलं.

"दाढ दुखती म्हणत व्हता, आत्या. दौंडला दाताच्या डॉक्टरकडं नेऊ का?"

जाईबाई हसली. "दुधाची दाढ, आज ना उद्या पडायचीच. तिच्यापायी डॉक्टर कशाला? हे गालगुंड हाय."

पोराच्या तोंडाला घाण वास येत होता, तो तिला आला होता. पण तोंड उघडून बघावं असं काही वाटलं नाही. इतक्या वर्षांत कुणाचं बघितलं नव्हतं.

सुषमा सांगितलेलं मोडणारी नव्हे. तिनं खिडकीला गोधडी लावली, पोराला आत निजवलं. दुसऱ्या दिवशी सूज हनुवटीखाली आली, तसा तिनं घाबरून निरोप धाडला. "खाली सरकतीय म्हंजी गुण येतोय," जाईबाईनं उलट कळवलं.

त्यानंतरच्या सकाळी मल्हारला थुंकीसुद्धा गिळेना. लाळ गळायला लागली, श्वास घरघरू लागला. तेव्हा त्याच्या बापानं, नवनाथनं, कुणाचं न ऐकता मोटारसायकल काढली. सुषमा पोराला पदराखाली धरून मागं बसली. दौंडच्या डॉक्टरनं गालावरचा गेरू पुसला, पण पोराचं तोंड बोटभरही उघडेना. किडक्या दाढेचा पू गळ्यापर्यंत पोचला होता. पुण्याला नेताना अँब्युलन्समध्येच पोर गेलं.

नवनाथनं जाईबाईला गाठून हे सगळं सांगितलं. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "डॉक्टर काय म्हणलं ते सुषमाला सांगायचं धाडस झालं न्हाई," एवढं म्हणून तो निघून गेला.

सुतक फिटल्यावर सुषमाच आली. उंबऱ्याशी बसली. आता ही शिव्याशाप देणार, आणि द्यायलाच हवेत, असं जाईबाईला वाटलं.

सुषमा हळू आवाजात म्हणाली, "आत्या, वाऱ्यात नेऊ नगं म्हणला व्हता तुमी. मी गाडीवर नेलं. वारं लागलं म्हणूनच गेला न्हवं त्यो?"

नुसतं हो म्हटलं असतं तरी जाईबाई सुटली असती. वस्तीनंही माना डोलावल्या असत्या. पण समोर बसलेली ती पोर तिला बघवेना, आणि तिला रडू फुटलं.

"न्हाई गं बाई. वाऱ्यानं काय बी झालं न्हाई. दाढेत पू व्हता. पयल्या दिवशीच दौंडला न्यायला पायजे व्हतं."

सुषमा उठून उभी राहिली.

"मी तर इचारलं व्हतं," ती म्हणाली. "तुमालाच इचारलं व्हतं की, आत्या."