पांढरं अस्तर

नगरला आमच्या गल्लीत शिवणकाम करणारी एक बाई होती. तिला हसताना कुणी पाहिलं नव्हतं. बोलायची तीही कापडाकडे बघत, आणि माप घेताना तिची बोटं इतकी गार लागायची की मी दचकायचे.

कॉलेजात मी पोहण्यासाठी नाव दिलं, तेव्हा आई लिंबू रंगाचं पॉपलिन घेऊन तिच्याकडे गेली. पोहण्याचे तयार कपडे नगरात तेव्हा कुठले मिळायला? अस्तराला आईनं पांढरं कापड नेलं होतं. बाईनं दोन्ही कापडं एकावर एक धरून पाण्यात बुडवली आणि माझ्या दंडावर चिकटवली. देवी टोचल्याची खूण आरपार दिसली.

"पांढरं न्हाई चालायचं," ती म्हणाली आणि पेटीतून मातकट तपकिरी तुकडा काढला. तो लावल्यावर खूण दिसेना.

कपडा शिवून झाला, तेव्हा तिनं मला तो घालून परसात उभं केलं आणि खांद्यावरून तांब्याभर पाणी ओतलं. आईला हसू आलं. "अहो बाई, पाण्यात कोण बघतंय एवढं?"

"पान्यात कुनी बघत न्हाई. भाईर आल्यावर बघत्यात," ती म्हणाली. "माझी लेक हिरीत बुडाली. वर काढली तवा अंगात पांढरा झगा हुता. मी पदर टाकेस्तवर समदी मानसं बघत हुती."

बाईनं दुसरा तांब्या भरला आणि मला म्हणाली, "आता पाठमोरी हो."